बाईंना विचारा : तीच पाराशा, दरवर्षी?

मागच्या अंकात मी आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांच्या, सिम्हात तोराच्या दिवसाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्या दिवशी तोराचा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचा, शेवटचा भाग वाचून होतो आणि त्याच बैठकीत पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करतात, एवढंच त्यात होतं. त्यावर पत्रांचा पाऊस पडला, असं म्हणायची पद्धत आहे. आली चारच. पण चारही टाळता येण्यासारखी नाहीत, म्हणून या महिन्यात परीक्षेच्या ताणाचे आणि अक्षर सुधारण्याचे प्रश्न मागे ठेवते.

प्रश्न : बाई, आमच्या सासूबाई दर श्रावणात पोथी लावतात. मी लग्न होऊन आले त्याला एकतीस वर्षं झाली, पोथी तीच आहे. शेवट ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा कशाला वाचायची, हे मला कधी कळलं नाही. विचारायची सोय नाही. तुमच्याकडे तर दर आठवड्याला वाचन असतं. कंटाळा येत नाही का? खरं सांगा.
— एक सून, नागाव

उत्तर : येतो की! रानात देवासाठी उभारलेल्या तंबूच्या फळ्या, कड्या आणि खुंट्या मोजायच्या आठवड्यात जो माणूस जांभई देत नाही, त्याची मला काळजी वाटते. ती यादी दोनदा आहे. एकदा ‘असं करा’ म्हणून आणि काही आठवड्यांनी ‘असं केलं’ म्हणून. पडदे, आकडे, सगळं परत.

आधी व्यवस्था सांगते. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. वाचनासाठी त्यांचे ५४ भाग पाडलेले आहेत, एकेका भागाला पाराशा म्हणतात. पाराशेचं नाव तिच्या सुरुवातीच्या शब्दांवरून पडतं, आपण अभंग पहिल्या शब्दांनी ओळखतो तसं. आमचं वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे साध्या वर्षात ५४ शनिवार मिळतच नाहीत. मग काही पाराशा जोडीने वाचतात. दर १९ वर्षांत ७ वेळा तेरावा महिना येतो, तुमच्या अधिक मासासारखाच, आणि त्या वर्षी बहुतेक जोड्या सुटतात. शनिवारी सकाळी सात जणांना एकामागून एक वाचनाला बोलावतात. पहिला मान कोहेनचा, दुसरा लेवीचा (ही जुन्या मंदिरातल्या याजकांची आणि सेवकांची घराणी). आम्हा बेने इस्राएलांत परंपरेने दोघंही नाहीत, म्हणून मानापमानाचा एक प्रसंग वाचतो. सोमवारी आणि गुरुवारीही सकाळी पुढच्या पाराशेचा थोडा भाग वाचायची रीत आहे. ती एज्रा नावाच्या जुन्या शास्त्र्याने घालून दिली असं सांगतात. ते बाजाराचे दिवस, खेड्यापाड्यांतली माणसं गावात यायची, तेवढ्यात त्यांच्या कानावर चार ओळी पडाव्यात. आठवडी बाजाराचा असा उपयोग आपल्या शिक्षण खात्याला सुचायला हवा होता.

आता तुमचा खरा प्रश्न. माझे वडील कचेरीत कारकून होते. शुक्रवारी संध्याकाळी आई तेलाचा दिवा लावायची, काळ्या मनुकांचं सरबत गाळायची (द्राक्षाचा रस आमच्याकडे कुठला? कोकणात किद्दूश, म्हणजे शनिवारच्या स्वागताचा आशीर्वाद, याच सरबतावर होत आला), आणि जेवणं झाली की वडील त्या आठवड्याची पाराशा मराठीतून वाचायचे. त्यांच्याकडचं पुस्तक मिशनऱ्यांनी छापलेलं होतं. त्यात आमचं आणि त्यांचं असं दोन्ही एकाच बांधणीत. मागचा भाग आम्ही पोरांनी उघडू नये म्हणून वडिलांनी तो सुतळीने बांधून ठेवला होता. मी अर्थातच सुतळी सोडली, पण तो विषय वेगळा.

आम्हा भावंडांना योसेफाची गोष्ट आवडायची. भावांनी विहिरीत टाकलेला, विकलेला, पुढे मिसरात मोठा झालेला योसेफ. मी एकदा हट्ट धरला, आज तीच वाचा. वडील म्हणाले, “ती डिसेंबरात येईल तेव्हा येईल. भरती काय तुझ्यासाठी थांबते?”

ताई, मला सापडलेलं उत्तर एवढंच. क्रम ठरलेला असला की निवड आपल्या हातात राहत नाही. निवड हातात असती तर मी आयुष्यभर योसेफ वाचला असता आणि आमच्या आळीतल्या एका गृहस्थांनी आयुष्यभर दहा आज्ञा, त्याही दुसऱ्यांना ऐकवण्यासाठी.

आणि क्रम असला की त्याचं कॅलेंडर होतं. नोहाचा प्रलय येतो ऑक्टोबरात किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. आपल्याकडचा पाऊस तोवर ओसरलेला, शेतात भाताची कापणी-झोडणी चालू. चाळीस दिवस पाऊस पडला हे ऐकताना पोयनाडकडचे आमचे मामा हमखास म्हणायचे, “चाळीसच?” देवारीम नावाची पाराशा आली की आई वाल निवडायला घ्यायची, कारण त्यापाठोपाठ आव महिन्याची नवमी येते, यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास. आमची जुनी माणसं त्याला ‘बिरड्याचा रोजा’ म्हणत. हिब्रू नाव मला मोठेपणी कळलं, बिरडं आधीपासून माहीत होतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की पाराशा आपल्या आयुष्याशी जुळवून घेते. तसं काही नाही. अब्राहामाला देव सांगतो, “तुझ्या देशातून, तुझ्या बापाच्या घरातून नीघ,” त्या पाराशेचं नाव ‘लेख लेखा’. (माझे विद्यार्थी याला निबंधाचा प्रकार समजायचे.) माझी धाकटी बहीण नवऱ्याबरोबर कायमची इस्रायलला निघाली तेव्हा तोच आठवडा असता तर किती शोभलं असतं! निघाली ती अंगावरच्या चट्ट्यांच्या आणि भिंतीला लागलेल्या बुरशीच्या पाराशेत. रेवसच्या धक्क्यावर लाँच सुटली, आम्ही सगळे रडलो. परत आल्यावर वडिलांनी शुक्रवारी तेच वाचलं. भिंतीवर हिरवट, तांबूस डाग दिसले तर याजकाला बोलवावं, त्याने सात दिवस घर बंद ठेवावं. आई मध्येच म्हणाली, “हिचं घर आता बंदच की.” दुसरं कोणी काही बोललं नाही.

बहीण दिमोनाला असते. कधीकधी वर्षात काही आठवडे ती माझ्या एक पाराशा पुढे जाते. वल्हांडण, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या आठवणीचा सण, तिकडे सात दिवसांचा आणि बाहेरच्यांसाठी आठ दिवसांचा असतो. आठवा दिवस शनिवारी आला की इथे सणाचं वाचन होतं आणि तिकडे पाराशा पुढे सरकते. फोनवर मला चिडवते, “तू अजून तिथेच?” मी सांगते, तू आधीपासूनच घाईची.

सासूबाईंना विचारून बघा. पोथीतला कुठला अध्याय त्यांना मनापासून आवडत नाही, ते विचारा. बोलतील.

प्रश्न : बाई, मी मूळचा रोह्याकडचा बेने इस्राएल, वाढलो ठाण्यात, सध्या नोकरीसाठी श्रीवर्धनला एकटा राहतो. हिब्रू अक्षरं वाचता येतात, अर्थ लागत नाही. इथे मिन्यानसाठी, म्हणजे मंडळीच्या प्रार्थनेसाठी, लागणारे दहा पुरुष कुठून आणू? पाराशा मोबाइलवर मिळते, पण एकट्याने वाचलेलं वाचनात धरतात का? आणि वायिक्राचं, म्हणजे तोरातलं तिसरं, पुस्तक सुरू झालं की यज्ञ, चरबी, रक्त, कातडीचे रोग. तेवढं सोडून दिलं तर चालेल?
— श्रीवर्धन

उत्तर : बाबा रे, दोन प्रश्न आहेत, दोन्हींची उत्तरं वेगळी.

दहा नसतील तर सेफेर तोरा, म्हणजे हाताने लिहिलेली गुंडाळी, हेखालातून (तिच्या कपाटातून) बाहेर काढून, आशीर्वाद उच्चारून वाचत नाहीत. त्याला पर्याय नाही. आमच्या लहानपणी दहावा माणूस मिळावा म्हणून एखाद्या पोराला सायकलवर पिटाळायचे. शनिवारी सायकल चालवावी का, यावर तो परत आल्यावर वाद व्हायचा. आता वाद घालायला तरी चार डोकी कुठे आहेत? १९४८ नंतर घरं एकेक करून रिकामी होत गेली. इस्राएल आळी हे नाव राहिलं, आळीत इस्राएल थोडे उरले.

पण घरच्या वाचनाला दहा लागत नाहीत. तालमुद या आपल्या जुन्या शास्त्रचर्चेच्या ग्रंथातलं एक वाक्य वडील नेहमी सांगत : माणसाने आपल्या पाराशा मंडळीबरोबर पुऱ्या कराव्यात, दोनदा मूळ आणि एकदा भाषांतर. यातल्या ‘मंडळीबरोबर’ या शब्दाकडे बघ. मंडळी ज्या आठवड्यात जे वाचते, तेच तू तुझ्या खोलीत वाचायचं. श्रीवर्धनच्या खोलीत तू एकटा असशील, पण तुझी पाराशा ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, आपल्या प्रार्थनागृहात, चालू असलेलीच आहे.

आणि भाषांतराचं म्हणशील, तर ती काही दुय्यम सोय नाही. बाबिलोनहून परत आलेल्या लोकांपुढे एज्राने तोरा वाचली तेव्हा शेजारी लेवी उभे राहून अर्थ समजावत होते, असं नेहेम्याच्या पुस्तकात आहे. पुढे लोकांच्या तोंडी अरामी बसली, मग वाचन हिब्रूत आणि अर्थ अरामीत. आपल्या तोंडी मराठी बसली. वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, मुंबईत १८४६ साली हिब्रू-मराठीत शिळाछापावर निघाली. त्याच शतकात आपल्या लोकांनी अब्राहामाची, योसेफाची आख्यानं लावून मराठी चालींवर कीर्तनं केली. तेव्हा तू दोनदा हिब्रू वाच, अर्थ न लागता वाच, आणि तिसऱ्यांदा मराठी वाच. तिसरी खेप ही आपल्याला आईकडून मिळालेली आहे.

आता वायिक्रा. नाही, सोडून चालणार नाही. का ते सांगते.

दावीद रहाबी नावाचे बाहेरचे यहुदी कोकणात आले ती गोष्ट तुला कोणीतरी सांगितली असेल. ते कधी आले यावर जाणकारांत एकमत नाही. कोणी फार मागे नेतात, कोणी अठराव्या शतकात आणतात. पण गोष्ट घरोघरी एकच. त्यांना इथे तेल गाळणारे लोक भेटले. या लोकांकडे ना तोरा होती, ना प्रार्थनेचं पुस्तक. हिब्रू विसरलेली. ‘शेमा इस्राएल’ ही एक प्रार्थना तेवढी टिकलेली, तेच जन्माला, तेच मरणाला म्हणायचे. मुलांची सुंता आठव्या दिवशी करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. हे यहुदी असतील का? रहाबींनी परीक्षा घेतली म्हणतात. बाजारातून सगळ्या जातींची मासळी मिसळून आणली आणि बायकांना रांधायला दिली. बायकांनी टोपलीसमोर बसून ती निवडली. पर आणि खवले असलेली एका बाजूला, बाकीची दुसऱ्या बाजूला. ही आम्ही खात नाही, म्हणाल्या.

ती मासळी कुठल्या पाराशेत आहे? शेमीनीत. वायिक्राचा अकरावा अध्याय, तू सोडून देऊ म्हणतोस त्याच पुस्तकात, ऐन रुक्ष यादीत. पाण्यातल्या ज्या जिवाला पर आणि खवले आहेत तो खावा. एवढं कोरडं वाक्य. लाल समुद्र दुभंगला, सिनायवर गडगडाट झाला, त्यातलं काहीही त्या बायकांना कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं असतं की नाही, कोण जाणे. कोळंबी त्यांनी बाजूला ठेवली, त्यावरून आपण ओळखले गेलो. आणि त्यांनी शेमीनी कधी ऐकलेली नव्हती!

ही दंतकथा आहे, मान्य. परीक्षा बायकांची झाली आणि त्या पास झाल्या, म्हणून मला ती जरा जास्त आवडते, हेही मान्य. पण अलिबागच्या बाजारात आजही मी टोपलीपुढे उभी राहिले की कोळीण चिंबोऱ्या आपणहून मागे सारते आणि बांगडा पुढे करते. तिला पाराशा ठाऊक नाही, माझं घराणं ठाऊक आहे.

शेमीनी वल्हांडणाच्या मागेपुढे येते. त्या शनिवारी वाच आणि मला पत्र टाक.

प्रश्न : तोरा अजून हाताने का लिहितात? छापली तर चुका होणार नाहीत. मी आठवीत आहे. मराठीच्या तासाला हा विषय निघाला होता.
— पेण

उत्तर : छापील तोरा असतेच, घरी तीच वाचतात. मंडळीत मात्र गुंडाळीच हवी. शास्त्राने खायला चालतं अशा जनावराच्या चामड्यावर, शाईने, लेखणीने, एकेक अक्षर. एकूण अक्षरं ३,०४,८०५. काना-मात्रा म्हणावं असं काही त्यात नाही, विरामचिन्हं नाहीत. स्वर आणि चाल वाचणाऱ्याने पाठ करून यायचं. बोट लावायचं नाही, चांदीच्या छोट्या हाताने ओळ दाखवायची. आमच्याकडे ती गुंडाळी लाकडी किंवा चांदीच्या उभ्या पेटीत असते आणि उभी ठेवूनच वाचतात. आणि एक अक्षर जरी मोडलं तरी ती तोरा वाचनाला चालत नाही. तीन लाखांत एक.

तू म्हणशील, एका अक्षराने काय होतं? ऐक.

मी तेव्हा दहा वर्षांची. श्रावणातला शनिवार, पाऊस धो-धो. कोकणातला पाऊस तुला सांगायला नको. मिठाला पाणी सुटतं, काड्यापेटी पेटत नाही, तर चामड्यावरची शाई कशी राहील? आम्ही एका गावच्या मशिदीत (आमच्या प्रार्थनागृहाला आम्ही असंच म्हणतो) पाहुणे म्हणून होतो. वाचता वाचता हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, थांबले. एक अक्षर झिजलं होतं. ते ‘वाव’ की ‘योद’, हे ठरेना. दोन्ही अक्षरं दिसायला सारखी, एक लांब, एक आखूड. मोठी माणसं तेब्यावर, म्हणजे वाचनाच्या चौथऱ्यावर, वाकून बघू लागली. प्रत्येकाला ‘वाव’ दिसत होतं, कारण तिथे ‘वाव’ हवं हे प्रत्येकाला माहीत होतं.

अशा वेळी काय करायचं, ते तालमुदात लिहिलंय. एका लहान मुलाला बोलवायचं. फार हुशार नको, तो अर्थावरून अंदाज करील. मठ्ठ नको, त्याला अक्षर ओळखता येणार नाही. हजानांनी सभोवार पाहिलं आणि माझ्या सहा वर्षांच्या भावाला वर बोलावलं. (तो ‘फार हुशार नाही’ यात कसा बसला, याबद्दल आमच्या घरात नंतर बरीच वर्षं बोलणं होत असे.) त्याने बघितलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “योद.”

झालं. तोरा गुंडाळली, आत गेली, दुसरी आणली आणि जिथे थांबले होते तिथून पुढे वाचन सुरू झालं. भावाला वाटलं आपल्या हातून मोठा गुन्हा झाला, म्हणून तो रडायला लागला. वडिलांनी खाऊ कबूल केला, पण शनिवारी पैशाला हात लावत नाहीत, म्हणून खाऊ रविवारी आला. त्याला अक्षरं मी शिकवली होती. बायकांच्या बाजूला बसून मी ते दोन-तीनदा हळूच म्हटलं, पण ऐकायला कोणी रिकामं नव्हतं.

असं झिजलेलं अक्षर सोफेर, म्हणजे तोरा लिहिणारा लेखनिक, दुरुस्त करू शकतो. दुरुस्त होण्यापलीकडे गेलेली तोरा टाकून देत नाहीत. माणसासारखी दफन करतात.

तुमच्या बाईंना सांग, शुद्धलेखनाला एका चुकीचा अर्धा गुण कापतात ते काहीच नाही.

प्रश्न : आमची चौलची आजी म्हणायची की तिच्या लहानपणी शनिवारी तेल मिळायचं नाही, कारण तेली ‘शनवारतेली’ होते. हे खरं का? आणि तुमच्या प्रार्थनागृहाला तुम्ही ‘मशीद’ कसं म्हणता?
— एक वाचक, रेवदंडा

उत्तर : आमच्या जुन्या माणसांनी शब्द शेजाऱ्यांकडून घेतले. उपासाला रोजा, न्यायनिवाडा करणाऱ्याला काजी आणि प्रार्थनेच्या घराला मशीद. मुंबईत मांडवीला आमची पहिली मशीद १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधली. मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव तिच्यावरून पडलं, असं पुष्कळ जण सांगतात. अलिबागची मागेन आबोथ १८४८ची, पुन्हा बांधली १९१०ला. आता पोरं सिनेगॉग म्हणतात. मी अजून मशीदच म्हणते आणि रिक्षावाला बरोबर दुसरीकडे नेतो.

शनवारतेली हे खरंच. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही आमची मूळ कथा. त्यांच्या पुढच्या पिढ्या किनाऱ्यावरच्या गावागावांत पांगल्या आणि तेलाच्या घाण्यावर बसल्या. गावांवरूनच आडनावं पडली : पेझारकर, किहिमकर, रोहेकर. सोमवारी बैल न जुंपणारे ते सोमवारतेली आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे आम्ही शनवारतेली.

बेशल्लाह नावाच्या पाराशेत रानातला मान्ना येतो. शुक्रवारी दुप्पट गोळा करा, शनिवारी मिळणार नाही, असं मोशे बजावून सांगतो. तरी काही जण शनिवारी बाहेर पडलेच, आणि त्यांना काही सापडलं नाही. तुमची आजी शनिवारी तेलाची बाटली घेऊन गेली होती का, तेवढं कळवा.